बोटीवरचा बुलढाणा

दुसरबीड
१४ सप्टेंबर

वहिनी,
जय भीम.

हे पत्र मी पाच आठवडे टाळलं. आधी पेन नव्हता. पेन मिळाला तर कागद नव्हता. कागद मिळाला त्या दिवशी आपल्या फाट्यावर एका केळीच्या ट्रकचा क्लीनर पळून गेला होता, ड्रायव्हर म्हणाला चलतो काय, मी चढलो तो थेट इंदूरला उतरलो. तिथं पोहे खाल्ले, जिलेबीसोबत, लोक सकाळी सकाळी कसं काय खातात देव जाणे. असो. तुम्ही म्हणाल याचं हे नेहमीचंच. म्हणा. खरं कारण सांगू? तुमचा राग आला होता. अजून आहे. रागात लिहायला बसलो की माझ्या पेनानं कागद फाटतो.

फोन तुम्ही ब्लॉक केला. तुमच्या वडिलांना लावला तर ते 'राँग नंबर' म्हणून ठेवतात. 'मामा, मी अश्वजित' म्हटल्यावर राँग नंबर कसा काय? मेलेल्या माणसाचा फोन आल्यासारखं करतात. म्हणून पत्र. पोस्टमन काही ब्लॉक होत नाही.

तर ऐका. मी आडवेळला जाऊन आलो. तेच बंदर, जिथून दादाची बोट गेली आणि आली नाही. दोन वर्षं मी तिकडं फिरकलो नव्हतो. तिथल्या बर्फाच्या कारखान्यातला शिवम अजून मेसेज करतो, त्यानं कळवलं की समुद्रात गेलेल्यांसाठी बंदरावर मोठा दगड उभा केलाय, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी कार्यक्रम आहे. मी गेलो. म्हटलं, दादाला चढताना बंदरानं पाहिलंय, त्याचं नाव दगडावर पाहू, हात लावू, एक फोटो काढून त्याच्या लेकीसाठी, आरोहीसाठी पाठवू. तुम्ही मला घरात घेत नाही, फोटो तरी घ्याल.

दगड चांगला आहे, खोटं कशाला बोलू. काळाभोर, दोन माणसांएवढा उंच, धक्क्याच्या तोंडाशी. भरतीला पाणी त्याच्या पायरीला लागतं. बोटीचं नाव, त्याखाली बोटीवरची माणसं, मग पुढची बोट. एक बाई भुईमुगाच्या शेंगा विकत होती. तिकडं शेंगा उकडतात हो, भाजत नाहीत, मीठ टाकून उकडतात, लागतात बऱ्या. शेंगा खात खात मी नावं वाचत गेलो. 'मत्स्यराणी' सापडली. पाच नावं. पहिलं तांडेलाचं, म्हणजे बोट चालवणाऱ्याचं. मग तिथलेच तिघं. पाचवं वाचलं आणि शेंग घशात अडकली.

अश्वजित इंद्रभान हिवाळे, बुलढाणा.

मी! शेंगा खाणारा मी. दगडात कोरलेला, वरून सोनेरी रंग भरलेला. चारी बाजूंनी फिरलो, मागं जिथं अजून नावं कोरायची जागा सोडली आहे तिथंही पाहिलं. संघपाल इंद्रभान हिवाळे कुठंच नाही.

तिथं रीत अशी की नाव पुकारलं की घरचं माणूस तांब्या घेऊन पुढं येतं, 'आमचा' म्हणतं आणि दगडाच्या पायथ्याशी गोडं पाणी ओततं. खाऱ्यात गेलेला तहानलेला राहतो म्हणे. एक म्हातारी आली, 'आमचे तिघे' म्हणाली, तांब्या रिकामा झाला तरी हलवत राहिली. मग कमिटीच्या सेक्रेटरीनं माइकवर माझं नाव घेतलं. कुणी उठलं नाही. त्यानं परत घेतलं आणि विचारलं, 'बुलढाण्याचं कोणी आलंय का?'

मी पुढं गेलो. 'आमचा नाही,' म्हटलं, 'मीच.'

पुढच्या रांगेतली एक बाई ओरडली. सेक्रेटरी म्हणाला, 'दारू पिऊन येता काय रे इथं?' मी आधार कार्ड त्याच्या तोंडापुढं धरलं. म्हटलं, 'वाचा. आता दगड वाचा. आता माझं थोबाड पाहा. माझ्या भावाचं नाव कुठं आहे?'

तेव्हा बोटीचा मालक, ज्याला ते नाखवा म्हणतात, तो खुर्चीवरून न उठता बोलला. 'बोटीवर बुलढाणा होता, बुलढाणा गेला. यादीत नाव तुझं. तू जिवंत हायस तर देवाचे आभार मान आणि घरी जा.'

हे तुम्हाला समजणार नाही म्हणून सांगतो. तिथं बाहेरच्या खलाशाला कुणी नावानं हाक मारत नाही. जिथला तो, तेच त्याचं नाव. दुसऱ्या बोटींवर एक नेपाळ होता, एक यवतमाळ, मी बुलढाणा. 'ए बुलढाणा, जाळं ओढ. ए बुलढाणा, चहा टाक.' बोट सुटायच्या आधी बंदराच्या ऑफिसात माणसांची यादी द्यावी लागते. ती हंगामाच्या सुरुवातीला माझ्या कार्डावर गेली होती. मला त्या दिवशी ताप होता हे तुम्हाला ठाऊकच आहे. माझ्या जागी दादा चढला, तर तोही बुलढाणा. यादी कुणी बदलली नाही. त्यांच्या लेखी एक बुलढाणा उतरला, एक बुलढाणा चढला, हिशोब बरोबर. माणूस नाही हो, जिल्हा बुडाला त्यांचा!

तिथं एकच बाई होती जिला फरक माहीत होता. तांडेलाची बायको, सिंधूताई. बाहेरचे खलाशी तिच्याकडं जेवायचे. तिचा नवराही त्याच बोटीत गेला. मी तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो. 'ताई, तुम्ही होत्या ना धक्क्यावर. माझ्या भावाला चढताना पाहिलं ना?' तिनं नाखव्याकडं पाहिलं. तिचा पोरगा आता त्याच्याच नव्या बोटीवर आहे. पदर ओढून म्हणाली, 'मी नाय पाहिला कोणाला.' आणि तिचा तांब्या उचलून चालायला लागली.

मला समजतं. पोटाचं असतं. समजतं म्हणून राग कमी येतो असं थोडंच आहे.

शेवटी सेक्रेटरी म्हणाला, नाव बदलायचं तर दोन माणसं आणा. एक त्याची बायको, दुसरं त्याला बोटीवर चढताना पाहिलेलं कोणी. कारागीर एक नोव्हेंबरला राहिलेली नावं कोरायला येणार आहे. तो राजस्थानचा आहे, त्यानंतर परत येणार नाही.

दुसरं माणूस मी कुठूनही शोधीन. पहिलं तुम्ही आहात. चला. वाटेत मी तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही, पाहिजे तर दुसऱ्या गाडीनं येतो. पण चला.

अश्वजित


दुसरबीड
२४ सप्टेंबर

वहिनी,

पत्र पोचलं आहे. 'नाही मिळालं' म्हणू नका. मी तुमच्या माहेरच्या गावी, रोहिणखेडला येऊन पोस्टमनला विचारलं.

हो, आलो होतो. तुमच्या गल्लीपर्यंत आलो. आरोही आत सातचा पाढा म्हणत होती आणि सात सक्काला अडकत होती. तीनदा अडकली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, बेचाळीस बेटा. नाही ओरडलो. मागं फिरलो आणि जुन्या मशिदीत जाऊन बसलो. काय कोरीव काम आहे हो दगडावर! दोन तास बसलो. तिथले एक चाचा म्हणाले, 'बेटा, लोग आते, फोटो निकालते, चले जाते. तुम दो घंटे से बैठे हो. घर में झगडा हुआ क्या?' मी म्हटलं, हुआ. ते म्हणाले, 'तो घर जाके करो, यहाँ पत्थर से क्या करते.' मला हसू आलं. आणि मग राग आला, कारण भांडायला तरी माणूस समोर पाहिजे, तुम्ही तेवढंही देत नाही.

तुम्ही सगळ्या गल्लीसमोर म्हणाला होता, 'भाऊजी, तुम्ही गेले असते त बरं झालं असतं.' दोन वर्षं हे वाक्य घेऊन मी फिरतो आहे. टायरच्या दुकानात होतो तेव्हा, आकाशपाळण्यावर होतो तेव्हा, ट्रकच्या टपावर. तुम्हाला वाटत असेल मी विसरलो, याचं काय, हा तर भटक्या. नाही विसरलो.

आणि तो दिवस तुम्ही एकट्यानंच पाहिला असं समजू नका. पोलीस ठाण्यातून घरी फोन आला होता, तुमचा अश्वजित बुडाला. बाबांनी रीतीप्रमाणं जलदान ठेवलं. भन्तेजी आले, त्रिशरण झालं, माझा दहावीच्या हॉलतिकिटावरचा फोटो मोठा करून टेबलावर ठेवला, ज्यात मी चोरासारखा दिसतो. पाहुणे जेवले. आणि दादा? दादा तर चौदा दिवसांपूर्वी मला घरी आणायला म्हणूनच आडवेळला गेला होता. त्याचा फोन लागेना, तेव्हा तुम्ही सगळ्यांनी समजून घेतलं की तो तिकडं माझं प्रेत शोधून राहिला.

त्याच दुपारी मी कारवारहून आलो. मला काही माहीत नव्हतं. मोबाईल वाटेत हरवला होता. मंडपवाला खुर्च्या ट्रॅक्टरवर टाकत होता, त्यानं मला पाहिलं आणि चार खुर्च्या स्वतःच्या पायावर पाडल्या. मी म्हटलं, 'काय बे, कोणाचं लग्न?' माय बाहेर आली. तिनं चप्पल काढली, मला दोन हाणल्या, आणि मग ती चप्पल छातीशी धरून मातीतच बसली. बायका हसू का रडू करत होत्या. कुणीतरी साखर आणायला धावलं. एवढ्यात बाबा पुढं आले. अख्ख्या गर्दीत त्या एकट्या माणसाच्या डोक्यात आलं.

'मंग बोटीवर कोण व्हतं?'

तुम्ही दारात होता. हाताला पीठ होतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही म्हणाला, आता दादाच्या नावानं जलदान करा आणि ठाण्यात जाऊन खरं सांगा. बाबा म्हणाले, 'जलदान झालं. फोटो चुकला, पोरगा नाही चुकला.' आणि ठाण्याचं म्हटल्यावर म्हणाले, 'दुसऱ्याच्या नावावर माणूस चढोला म्हणून याच्यावर केस करतीन. एक गेला. दुसऱ्याले ठाण्यात नेऊन देऊ काय?' तेव्हा तुम्ही बोलला, 'मेलेल्याचं नाव जित्यासाठी दाबता काय, मामंजी?' आणि आरोहीला कडेवर घेऊन निघालात.

तुम्ही बरोबर होता. हे लिहायला मला दोन वर्षं लागली. आता कागदावर मी बेपत्ता आहे, दगडावर मी मेलो आहे, आणि दादा कुठंच नाही. ना मेल्यात, ना जित्यात. तुम्हाला शाळेत, बँकेत लोक विचारतात नवरा कुठं आहे, तेव्हा तुम्ही काय सांगता? माय सांगत होती की तुम्ही 'बाहेरगावी' म्हणता.

म्हणून परवा मी ठाण्यात गेलो. एकटाच. ते सांगतो, म्हणजे तुम्हाला वाटू नये की हा नुसती पत्रं लिहितो.

हवालदारानं विचारलं, 'कशाची तक्रार?'

'बेपत्ता माणसाची.'

'नाव?'

'अश्वजित इंद्रभान हिवाळे.'

'तुहा कोण लागते?'

'मीच आहो साहेब.'

त्यानं पेन खाली ठेवला. 'मंग सापडला ना. जा घरी.'

म्हटलं, 'मी सापडलो. माहा भाऊ हरपला, माह्या नावाखाली.' त्यानं चहा मागवला, जुनी नोंद काढली, दोन तास जबाब घेतला. चांगला माणूस होता, त्याला पण एक भाऊ आहे म्हणे, सुरतेत. शेवटी तोही तेच म्हणाला. तुझ्या एकट्याच्या बोलण्यावर काही होत नाही. त्याला बोटीवर चढताना पाहिलेलं माणूस पाहिजे.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, 'आता तुले नेतीन.' मी म्हटलं, 'नेऊ द्या.' मायनं स्टोव्हचा आवाज मोठा केला.

सव्वा महिना उरला आहे. तुम्ही गप्प बसून काय मिळवता? माझ्यावरचा राग दादावर काऊन काढता? हो किंवा नाही, एवढं तरी लिहा.

अश्वजित


दुसरबीड
३ ऑक्टोबर

वहिनी,

तुमचं कार्ड मिळालं. पंधरा पैशाचं असायचं तसलं पिवळं कार्ड अजून मिळतं हे मला माहीत नव्हतं. अख्ख्या कार्डावर एक ओळ.

'तो कसा गेला ते आधी खरं लिहा. ताप नव्हता.'

मी ते कार्ड फेकून दिलं. मग उचललं. काल सगळं गाव नागपूरला दीक्षाभूमीवर गेलं होतं, बाबा पण गेले, गाडीत जागा होती, मी गेलो नाही. घरात एकटा बसून दिवसभर तुम्हाला शिव्या दिल्या. ताप नव्हता! तुम्हाला कुणी सांगितलं? दादानं तिथून फोन केला होता काय? तुम्ही काय माझ्या कपाळावर हात ठेवला होता? कागदावर हेच चार पानं लिहिलं. ती पानं चुलीत गेली.

नव्हता ताप.

शेजारच्या गावाच्या किनाऱ्यावर मेलेला देवमासा लागला होता. बसएवढा, असं शिवम म्हणाला. मी उभ्या जन्मात देवमासा पाहिला नव्हता. आणि बोट दुपारी सुटणार होती, बर्फ भरून झाला होता. यादीत पाच माणसं, पाचवा मी. तांडेल म्हणाला, ऐनवेळी मी माणूस कुठून आणू, तू आला नाहीस तर बोट धक्क्यालाच राहील.

दादा आदल्या दिवशी संध्याकाळी आला होता. मायनं पाठवला होता, 'त्याले घेऊनच ये.' मी त्याला म्हटलं, 'दादा, एक फेरी तू मार ना. तीन दिवसांत परत येतात. तोवर मी सामान बांधतो, मंग दोघं घरी जाऊ.'

तो म्हणाला, 'मले पोहता येत नाही बे.'

एवढं बोलून तो थांबला. त्यानं नाही म्हटलं नव्हतं, हो म्हटलं नव्हतं. तेव्हा मी काय केलं ते लिहितो. मी सगळ्या खलाशांसमोर मोठ्यानं म्हटलं, 'हा खडकपूर्णाच्या धरणात पाय टाकाले भेते, हा काय समुद्रात जाईन!' ते हसले. यवतमाळ हसला, नेपाळला समजलं नाही तरी हसला. एकानं हाक दिली, 'नवा बुलढाणा घाबरला रे!' दादाचं तोंड कसं होतं ते तुम्हाला माहीत आहे, तुम्ही ते रोज पाहिलेलं आहे. कोणी हसलं की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. त्यानं चपला काढल्या, हातात घेतल्या आणि चढला.

मी आजवर सगळ्यांना सांगत आलो की तो हसत गेला, मला हात करून गेला. त्यानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. माझ्यावर चिडून गेला.

मी गेलो देवमासा पाहायला. तो सडला होता. लोक नाकाला रुमाल लावून फोटो काढत होते. दहा मिनिटं पाहिला. एक माणूस त्याच्या अंगावर बाटली फेकून मारत होता, बाटली आपटायची आणि परत यायची. बस, एवढंच होतं पाहायला.

मग परत आडवेळला गेलो नाही. सामान बांधलं नाही. दादा तीन दिवसांनी येईल आणि मला झोडपेल, या भीतीनं मी कारवारच्या मासळीच्या गाडीत चढलो. म्हटलं राग उतरला की घरी भेटू. वादळ आलं तेव्हा मी कारवारला एका खानावळीत टीव्ही पाहत होतो, त्यात वादळाचीच बातमी चालू होती, आणि मी चॅनल बदल म्हणालो.

झालं. हे बाबांना माहीत नाही, मायला माहीत नाही. ठाण्यातल्या त्या चांगल्या हवालदाराला पण मी तापच सांगितला. उद्या जाऊन बदलून येतो.

आता तुम्ही पुन्हा तेच वाक्य बोला. मी गेलो असतो तर बरं झालं असतं. आता मी वाद घालणार नाही. पण तुमच्यावरचा राग गेला असं लिहिणार नाही, तो आहे. मला ताप नव्हता हे तुम्हाला कळलं होतं तर दोन वर्षं मला तोंडावर का नाही विचारलं? एकदा विचारलं असतं तर मी तेव्हाच फुटलो असतो.

'आता तुम्ही नाही आलात तरी चालेल' असं आत्ता लिहिलं होतं. खोडलं आहे, दिसेलच. चालणार नाही. माझं तोंड पाहायचं नसेल तर नका पाहू. पण त्या दगडापुढं संघपालची बायको उभी राहिली पाहिजे आणि 'आमचा' म्हणाली पाहिजे.

अश्वजित


दुसरबीड
१२ ऑक्टोबर

वहिनी,

नऊ दिवस झाले, कार्ड नाही. ठीक. आता मी विचारत नाही, सांगतो.

ठाण्यात जबाब बदलून आलो. हवालदार म्हणाला, 'पयले काऊन नाही सांगितलं?' आणि परत सगळं लिहून घेतलं, या वेळी चहा नाही. बाबांना पण सांगितलं. ते उठून वावरात गेले, अजून तिकडंच आहेत, डबा पण परत पाठवला.

मी शिवमकडून ज्यांचे ज्यांचे नंबर मिळाले त्या सगळ्यांना फोन केले. बर्फवाले, डिझेलवाले, धक्क्यावरचा चहावाला. यवतमाळ आणि नेपाळ आता कुठल्या बंदराला आहेत कुणालाच ठाऊक नाही. सगळ्यांना मत्स्यराणी आठवते, सगळ्यांना बुलढाणा आठवतो. कोणता बुलढाणा, तर सगळे म्हणतात, 'तोच रे, बुलढाणा.' नाखव्याच्या विरुद्ध कोणी बोलत नाही.

म्हणून मी ठरवलं. जालन्याहून छिन्नी आणि हातोडी आणली आहे. दगडावर नाव माझं आहे ना? मग मी माझं नाव खोडू शकतो. दादाचं नका कोरू, पण माझं तिथं राहणार नाही. पाचव्या माणसाच्या जागी खड्डा दिसू द्या सगळ्यांना, पुढच्या वर्षी माइकवर तो खड्डा वाचून दाखवा म्हणावं! परवा निघतो. पकडलं तर पकडलं. बाबा म्हणतातच नेतीन म्हणून, नेऊन टाकू द्या एकदाचं, आणि तुम्ही तिकडं तुमच्या

माय हाक मारून राहिली. कोणीतरी बाई आली म्हणते. थांबा.

*

वहिनी, पुढचं घाईत लिहितो, अक्षर लावून घ्या.

सिंधूताई आली आहे. तांडेलाची बायको. तीच, जी 'मी नाय पाहिला' म्हणाली. मी ओसरीत गेलो तर एक बाई मायच्या बाजेवर बसलेली, पाय सुजलेले, मांडीवर पिशवी. दीड दिवस गाड्या बदलत आली. आमचा पत्ता तिनं दगडावरूनच काढला, हिवाळे आणि बुलढाणा. बुलढाण्याला उतरून 'हिवाळ्यांचं घर कुठं' विचारत होती. लोकांनी तिला आधी चार वेगळ्या हिवाळ्यांकडं पाठवलं. मायला म्हणते, 'बाय, तुमचा जिल्हा केवढा मोठा गो!'

माझ्याकडं पाहून म्हणाली, 'तू पयला बुलढाणा. ताट टाकून उठायचास.'

मी तिच्यापुढं पाणी ठेवलं.

'दुसरा एकच सांज जेवला माझ्याकडं. ताट घासून पालथं घालून गेला. मी म्हटलं, ठेव रे, मी घासते. तर म्हणाला, घरी बायकोला सवय लावलीय, मोडायची नाय.' ती हसली आणि मग हसता हसता थांबली. 'दुपारी मी धक्क्यावर होते. चपला हातात होत्या त्याच्या. बोट हलत होती, त्याला पाय टाकवेना. माझ्या नवऱ्यानं खाली वाकून हात दिला आणि वर घेतला. मी पाहिला त्याला. डोळ्यांनी पाहिला.'

मी विचारलं, 'मंग तेव्हा काऊन नाही बोलल्या?'

म्हणाली, 'पोरगा त्याच्या बोटीवर होता. परवा उतरवला. आता बोलते.' असं म्हणाली जसं काही मीठ आणायला गेली होती.

माय तिच्या पायाशी बसली आहे. बाबांना बोलवायला मी शेजारच्याची गाडी पाठवली.

मी म्हटलं चला, ठाण्यात जाऊ. ती म्हणाली नाही. 'आधी त्याच्या बायकोला सांगणार. तिचा माणूस हाय. मग पोलीस, मग नाखवा, मग तुमचा तो सेक्रेटरी.' आणि रोहिणखेडची गाडी किती वाजता आहे ते विचारून राहिली. मी तिला विश्रांती घ्या म्हणतो तर पिशवी सोडत नाही.

म्हणून हे पत्र मी पोस्टात टाकत नाही. ज्या बाईनं हे आत्ता तुमच्या हातात दिलं, ती सिंधूताई. तिला आत घ्या, वहिनी. मी बाहेर थांबतो.

अश्वजित